नऊ आण्यांच्या मजुरीतला दसरा

दसरा जवळ आला की आमच्या बुलडाण्याच्या कोर्टासमोरील चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो. पेन्शनर मंडळी बाकड्यावर बसलेली असतात, आम्ही वकील लोक पुकारा होण्याची वाट पाहत उभे असतो, आणि कोणीतरी वर्तमानपत्रातला सोन्याचा भाव मोठ्याने वाचून दाखवतो. तेवढे निमित्त पुरते. मग ‘आमच्या वेळी’ सुरू होते. सोने किती होते, तूप किती होते, रुपयात घर कसे चालायचे, माणसे कशी समाधानी होती. ऐकणाऱ्याला वाटावे की या देशात कधीकाळी सुबत्तेचा पूर आला होता आणि तो नेमका सवलती, आरक्षण, कायदे आले तेव्हाच ओसरला. हा शेवटचा भाग कोणी स्पष्ट बोलत नाही. आम्ही उभे असतो म्हणून बोलत नाही, एवढेच.

आम्ही या गप्पांत सहसा पडत नाही. परंतु गेल्या वर्षी राहवले नाही आणि आम्ही विचारले, ‘काका, भाव सांगितलात, मजुरी सांगा की!’ काकांनी चहाचा घोट घेतला आणि विषय पावसावर नेला.

वास्तविक पाहता भाव हा एकटा कधीच खरे बोलत नाही. तो मजुरीशेजारी उभा केला तरच बोलतो. म्हणून आम्ही ठरवले की एक दिवस घ्यायचा, एकच दिवस, आणि त्या दिवशीचे भाव, त्या दिवशीच्या बातम्या आणि त्या दिवशीचे आपल्या जिल्ह्यातील जगणे एकत्र मांडून पाहायचे. कोणता दिवस, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६. वार रविवार, विजयादशमी.

त्या दिवशी बुलडाणा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, हे आजच्या पोरांना सांगितले तर ती हसतात. महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल होते आणि राजधानी नागपूर. म्हणजे त्या दिवशी चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, जळगाव या तालुक्यांतून जी माणसे नागपूरला गेली ती आपल्याच राजधानीला गेली होती. पुढे अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना कायद्याने विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी मुंबई झाली. राज्य बदलण्याआधी आपल्या माणसांनी धर्म बदलला. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पैसाही वेगळा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. नवा पैसा आला तो १ एप्रिल १९५७ ला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण सव्वासहा पैशांचे नाणे कोठून आणणार? म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे धरले गेले. ज्याचा व्यवहार शेकड्यात होता त्याला या पाव पैशाचे काय? पण जी बाई आण्याआण्याने मीठ-मिरची आणत होती तिला तो पाव पैसा रोज कळत होता. किलो-ग्रॅम नव्हते. शेर, पायली, मण. चाळीस शेरांचा मण. दुकानदाराचे माप आणि मजुराला धान्य मोजून द्यायचे माप एकच असेल याची हमी कोणी देत नव्हते. पोस्टकार्ड पाऊण आण्याला मिळत होते, आणि नागपूरला यायचा निरोप गावोगाव गेला तो याच पाऊण आण्याच्या कार्डावरून आणि माणसांच्या तोंडून.

आता भाव. सोने दहा ग्रॅमला नव्वद रुपयांच्या आसपास होते. तोळ्याने धरले तर शंभरावर थोडे. टपरीवरचे काका येथेच थांबतात. आम्ही पुढे जातो.

केंद्र सरकारने शेतमजुरांची दुसरी चौकशी केली ती नेमकी ऑगस्ट १९५६ ते ऑगस्ट १९५७ या काळात. म्हणजे तो दसरा या चौकशीच्या पोटातच येतो. त्या अहवालाप्रमाणे देशातील प्रौढ पुरुष शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी ९६ नवे पैसे, आणि बाईची ५९ नवे पैसे. जुन्या हिशेबात पुरुषाला सव्वापंधरा आणे, बाईला साडेनऊ आणे. आणि ही मजुरी रोज मिळत नव्हती. पुरुषाला वर्षातून १९७ दिवस, बाईला १४१ दिवस. बाकीचे दिवस हात रिकामे. गुणाकार वाचकांनीच करून पाहावा. बाईच्या वर्षभराच्या मजुरीचे ८३ रुपये होतात. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात निंदण, खुरपण, वेचणी केली तरी त्या ‘स्वस्त’ सोन्याचे दहा ग्रॅम तिच्या हाती लागत नव्हते.

बरे, परिस्थिती सुधारत होती असे म्हणावे तर तेही नाही. १९५०-५१ च्या पहिल्या चौकशीत पुरुषाची मजुरी १०९ पैसे होती, बाईची ६८. स्वराज्य आले, संविधान आले, पहिली पंचवार्षिक योजना पूर्ण झाली आणि शेतमजुराची मजुरी घटली! शेतमजूर कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न ४४७ रुपयांवरून ४३७ वर आले. कर्जात असलेली कुटुंबे शंभरात ४५ होती ती ६४ झाली, आणि सरासरी कर्ज ४७ रुपयांवरून ८८ रुपये. हे आकडे आमचे नाहीत, सरकारचे आहेत. पद्धत बदलल्याने दोन चौकशांची तुलना करता येत नाही, असा वाद तेव्हा अर्थशास्त्र्यांनी घातला. घालोत बापडे. कर्ज घेणाऱ्याला पद्धत माहीत नव्हती, कर्ज माहीत होते.

त्याच काळात खासदाराचा पगार १९५४ च्या कायद्याने महिना ४०० रुपये होता. संविधानाच्या दुसऱ्या अनुसूचीत राष्ट्रपतींना दरमहा १०,००० आणि भारताच्या सरन्यायाधीशांना ५,००० रुपये लिहिलेले होते. खासदाराचा एका महिन्याचा पगार म्हणजे त्या बाईची जवळपास पाच वर्षांची मजुरी. आम्ही खासदारांचा पगार जास्त होता असे म्हणत नाही. देशात दोन बाजार होते एवढेच सांगतो, आणि स्वस्ताई त्यांपैकी एकाच बाजारात होती.

आमची आजी हे सगळे एका वाक्यात सांगत असे. चिखली तालुक्यातील एका खेड्यातली ती. अक्षरओळख नव्हती, पण हिशेब तोंडपाठ. आम्ही लहानपणी विचारायचो, ‘आजी, तवा लय स्वस्त होतं ना?’ ती म्हणायची, ‘व्हतं रे बापू स्वस्त. पन पैसाच नव्हता ना.’ एवढे बोलून पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागायची. टपरीवरच्या अर्थशास्त्रावर याहून चांगले उत्तर आम्हास अजून सापडलेले नाही.

त्या दिवशीच्या बातम्या काय होत्या? जगात सुएझचा प्रश्न पेटला होता. नासरने जुलैत कालवा ताब्यात घेतला होता आणि १३ ऑक्टोबरला राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने कालव्याच्या वाहतुकीची सहा तत्त्वे मान्य केली होती. देशात दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होऊन सहा महिने झाले होते. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. २ सप्टेंबरला महबूबनगरजवळ पूल वाहून गेला, आगगाडी नदीत कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला होता, तो तेव्हा स्वीकारला गेला नव्हता. अमेरिकेशी धान्याचा पहिला पी.एल. ४८० करार ऑगस्टमध्ये झाला होता, म्हणजे जो देश स्वस्ताईत न्हात होता असे आपण ऐकतो तो देश बोटीतून गहू मागवत होता. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी जानेवारीत गोळ्या चालल्या होत्या, त्यांची धग गेलेली नव्हती. नागपूरच्या दैनिकांतून हे सारे छापून येत होते आणि आमच्याकडे ते अंक एखाद दिवस शिळे होऊन येत होते. खेड्यात वाचणार कोण? शाळेचे मास्तर, पाटलाच्या ओसरीवरचे दोघे-चौघे. आपल्या वस्तीत एखादा शिकलेला पोरगा असला तर ‘प्रबुद्ध भारत’ येई. बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे ते नाव त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला झाले होते. एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. धम्मदीक्षेची खबर या मार्गाने आली. सुएझची आली नाही, आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

आता घाटावरचा आणि घाटाखालचा बुलडाणा ज्यांना माहीत आहे त्यांनी तो ऑक्टोबर डोळ्यांपुढे आणावा. मूग-उडीद निघून गेलेले. ज्वारी वावरात उभी, कणसे भरलेली पण घरात दाणा आलेला नाही. कपाशीची बोंडे फुटू लागलेली. म्हणजे जुने धान्य संपलेले आणि नवे यायचे, असे ते दिवस. शेतमजुराच्या घरी सर्वांत ओढीचे. आणि त्याच वेळी पहिल्या वेचणीची मजुरी सुरू होण्याच्या बेतात. अशा दिवसांत चार-सहा दिवस काम सोडून जाणे म्हणजे काय, हे साडेनऊ आण्यांचा हिशेब वाचल्यावर वेगळे सांगण्याची गरज राहू नये.

त्यात बाबासाहेबांचा निरोप होता की पांढरी वस्त्रे नेसून या. पांढरे लुगडे! आपल्या आयाबायांनी पांढरे लुगडे कधी अंगाला लावले होते? हिंदू रिवाजात ते कोणाच्या नशिबी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. सवाष्णीने सणाच्या दिवशी पांढरे नेसणे म्हणजे सासू, शेजार, गाव सगळ्यांशी भांडण. तरी त्या नेसल्या. आणि लुगडे फुकट मिळत नव्हते. लोकांनी भांडी मोडली, डाग गहाण टाकले, सावकाराकडे गेले. आमच्या आजीच्या हातात चांदीच्या गोठांचा एक जोड होता, तोच काय तो तिच्या माहेराहून आलेला. तो चिखलीच्या बाजारात गेला. आजोबांनी मोडू नको म्हटले होते म्हणतात. आजीने ऐकले नाही. तो जोड परत कधी आला नाही आणि आजीने पुढे कधी चांदी घातली नाही. विचारले तर म्हणायची, ‘त्याचं लुगडं झालं.’

बुलडाणा शहराला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. घाटावरच्या माणसाला गाडी धरायची तर मलकापूरला किंवा खामगावला उतरावे लागे. आमची मंडळी अमडापूर, उंद्री करत घाट उतरून खामगावला गेली. काही बैलगाडीत, बरीचशी पायी, भाकरी फडक्यात बांधून. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. इंग्रजांनी १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला तो आपल्यासाठी नव्हे, येथला कापूस मुंबईच्या गोदीवर आणि तेथून मँचेस्टरला नेण्यासाठी. ज्या हातांनी तो कापूस वेचला ते हात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्याच फाट्यावरून उलट्या दिशेला, नागपूरकडे निघाले. जलंबला मोठी गाडी. मग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा. प्रत्येक ठेसनावर पांढरे कपडे चढत होते. दोनशे मैलांचा तो प्रवास तिसऱ्या वर्गाचा, आणि त्याचे तिकीटसुद्धा बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे.

नागपुरात आदल्या दोन-तीन दिवसांपासून माणसांचा पूर लोटला होता. बाबासाहेब आणि माईसाहेब सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानात तयारी केली होती. रविवारी सकाळी कुशीनाऱ्याचे भदन्त चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या सोहळ्याचे वर्णन आपण दरवर्षी वाचतो, आम्ही ते पुन्हा करत नाही. त्याच दिवशी गावोगाव आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून वाटली जात होती, आणि नागपुरातच संघाचा विजयादशमी उत्सव होता. त्याच्या अनुषंगाने होणाऱ्या तर्काला बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात उत्तर दिले. नागपूर निवडले ते नाग लोकांच्या इतिहासामुळे, कोणाला खिजवायला नाही.

त्या १५ ऑक्टोबरच्या भाषणात मात्र एक भावाचा प्रसंग आहे, आणि तो आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. मेलेली ढोरे ओढू नका असे बाबासाहेबांनी सांगितल्यावर ‘केसरी’त कोणी गृहस्थाने हिशेब मांडला होता. एखाद्या गावात वर्षाला पन्नास ढोरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, शेपट्या यांचे पाचशे रुपये होतात, आणि आंबेडकर या लोकांचा तेवढा तोटा करीत आहेत! बाबासाहेबांनी भाषणात सांगितले की यावर संगमनेरला आपण उत्तर दिले होते. हे काम तुम्ही करा, ते पाचशे तर घ्याच, वर आणखी पाचशे आम्ही देतो, असा त्याचा आशय होता. कोणी पुढे आले नाही. पाचशे रुपये! बाईच्या सहा वर्षांच्या मजुरीइतकी रक्कम. एवढा फायदा आहे असे सांगणाऱ्यांपैकी एकालाही तो नको होता. त्या मैदानात बसलेल्या माणसाला हा विनोद कळला असणार, कारण ढोर ओढताना येणारा वास त्याच्या हाताला होता.

पाचशेचा आकडा निघालाच आहे तर कायद्यातला पाचशेही सांगून टाकतो. अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला होता. विहिरीवर, देवळात, हॉटेलात अडवले तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘पर्यंत’ हा शब्द आम्ही वकील मंडळी नीट ओळखतो. कायदा होऊन सव्वा वर्ष झाले होते, आणि तरीही खेड्यातल्या चहाच्या दुकानात आपली कपबशी वेगळी होती, बाहेर, वळचणीला. तिचा भाव मात्र आतल्या कपाइतकाच. स्वस्ताईच्या गप्पांत ही कपबशी कोणाला आठवत नाही.

मंडळी परतली. परतल्यावर बहुतेकांनी घरातले देव काढले, नदीत सोडले. ढोर ओढणे, महारकी, जत्रेतली वाजंत्री बंद केली. त्याची किंमतही ताबडतोब वसूल झाली. बलुत्याचे धान्य बंद, वावरात कामाला बोलावणे बंद, दुकानात उधार बंद. आमच्या गावात त्या वर्षीची वेचणी आजीला तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावात जाऊन करावी लागली. हे असे असंख्य गावांत घडले आणि त्याची नोंद कोणत्याही चौकशीच्या रकान्यात नाही. त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ज्यांच्या भरवशावर अंगावर घेतले ते गेले आणि बहिष्कार तसाच होता. कोणी मागे फिरेल असे अनेकांना वाटले असेल. जनगणना सांगते की १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजारांवर गेले.

आता सर्वांत महाग गोष्टीकडे येतो. ती बाजारात नव्हती, राजपत्रात होती.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते की हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारा इसम अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. शिखांतील काही जातींना तेवढी सूट होती. पुढे २५ सप्टेंबर १९५६ च्या दुरुस्ती कायद्याने शीख धर्मीयांचा सरसकट समावेश झाला. तारीख पाहावी, २५ सप्टेंबर. धम्मदीक्षेच्या आधी एकोणीस दिवस. धम्मदीक्षा होणार हे जगजाहीर होते. तरी त्या दुरुस्तीत ‘बौद्ध’ हा एक शब्द घातला गेला नाही. तो घालायला संसदेला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे!

आणि गंमत पाहा. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू. १७ जून १९५६ ला आलेला हिंदू उत्तराधिकार कायदाही लागू. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले त्याचेच हे तुकडे. मुलीला वाटा मिळाला, चांगलेच झाले, पण आपल्याकडे वाटायला जमीन कोठे होती? मुद्दा असा, की लग्न लावायचे, वारसा वाटायचा, तेव्हा बौद्ध हा हिंदूंच्या रकान्यात. पण शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा द्यायची वेळ आली की तोच बौद्ध हिंदू नाही, सबब अनुसूचित नाही. एकाच देशाचे कायदे, एकाच माणसाला, सोयीप्रमाणे आत घेतात आणि सोयीप्रमाणे बाहेर काढतात. न्यायालयात अशी दुटप्पी भूमिका एखाद्या पक्षकाराने घेतली असती तर न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले असते.

बाबासाहेबांना हे माहीत नव्हते काय? होते. सवलतींचे काय होणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता आणि ज्याने त्या मिळवून दिल्या तो पुन्हा मिळवू शकतो अशा अर्थाचे उत्तर त्यांनी १५ तारखेलाच दिले होते. मिळवायला ते राहिले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचे दार बंदच होते. आमचे थोरले काका मॅट्रिक झाले, सत्तरच्या दशकात केंद्राच्या एका कचेरीत जागा निघाली, परीक्षा पास झाले. दाखल्यावर जात ‘बौद्ध’. कागद परत आला. शाळेत नाव घालताना आजोबांनी मास्तरांना छाती पुढे काढून ‘बौद्ध’ लिहायला सांगितले होते. काकांनी आयुष्यभर एका जिनिंगमध्ये हमालांचा हिशेब ठेवला. आजोबांना त्यांनी कधी दोष दिला नाही. आम्ही वकील झाल्यावर मात्र एकदा म्हणाले, ‘मास्तरच्या त्या एका शब्दाचं मोल मी भरलं बघ.’ तक्रार नव्हती त्यात. हिशेब होता.

हा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. आमच्या कार्यालयात आजही महिन्यातून दोन-तीन तरी प्रकरणे अशी येतात. पोरगी बारावी झाली, वैद्यकीयला नंबर लागतो आहे, जातवैधता हवी. नियम असा, की अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. तीच तारीख! ज्या आदेशाने आपल्याला बाहेर ठेवले त्याच आदेशाच्या तारखेआधीचा कागद आपण दाखवायचा. आता १९५० पूर्वी शाळेत गेलेले आपले आजे-पणजे किती? जमीन कोणाच्या नावावर होती? मग शोध सुरू होतो तो कोतवाल बुकाच्या नकलेचा. विदर्भातल्या वाचकांना हे पुस्तक ठाऊक आहे. गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यूची नोंद द्यायची आणि ती या बुकात चढायची. बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी. आपल्या पूर्वजांचा सरकारदरबारी झालेला पहिला, आणि बहुतेकांचा एकमेव, उल्लेख तोच. पाने पिवळी पडली आहेत, कडा झिजल्या आहेत, काही वर्षांची बुके मिळतच नाहीत. दुसरी अडचण दाखल्याची. केंद्राच्या नोकरीसाठी वा शिक्षणसंस्थेसाठी दाखला काढताना त्यावर जात ‘महार’ आणि धर्म ‘बौद्ध’ असे दोन्ही लागते. नुसते ‘बौद्ध’ लिहिले तर केंद्रवाले अडवतात. पोरांना ते पटत नाही. जो शब्द आजोबांनी टाकला तो आम्ही पुन्हा का लिहायचा, असे ती विचारतात. प्रश्न बरोबर आहे. आम्ही त्यांना काकांची गोष्ट सांगतो आणि अर्ज भरायला लावतो.

गेल्या वर्षी एका पक्षकारासाठी तहसिलीत जुनी बुके चाळत असताना आमच्याच गावचे बुक हाती आले. सहज पाहिले तर आमच्या आत्याची जन्मनोंद. बापाच्या नावापुढे जात, आणि धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’. किती मजुरी, ते लिहिलेले नाही.

म्हणून वाचकांना दोन कामे सांगतो. एक, आपल्या घराण्यातील जी नोंद १९५० पूर्वीची सापडेल तिची प्रमाणित नक्कल आताच काढून ठेवावी. पोरीचा नंबर लागल्यावर धावपळ करू नये, कारण तेव्हा बुक बाईंडिंगला गेलेले असते. दुसरे, १९५६ च्या दसऱ्याला जी मुले बापाच्या खांद्यावरून नागपूरला गेली ती आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. घाटावर, घाटाखाली, प्रत्येक गावात असे एखादे माणूस अजून आहे. त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे, वही घेऊन. कोणत्या ठेसनावरून गाडी धरली, बरोबर कोण कोण होते, लुगड्यासाठी घरातले काय मोडले, परतल्यावर काम कोणी बंद केले आणि कोणी दिले. आमच्या आजीला आम्ही हे सगळे विचारले नाही. गोठ कोणाकडे मोडले त्या सोनाराचे नाव तिला माहीत होते.